बंधाऱ्यालगत छोट्या होडीतून गरवताना

कोकणात गरवणाऱ्या, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरणाऱ्या माणसाला बंधाऱ्याचे वेड असते आणि ते अकारण नाही. लाटा अडवण्यासाठी समुद्रात टाकलेल्या दगडांच्या आणि टेट्रापॉडांच्या, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, फटींत खेकडे, कोळंबी आणि बारीक मासळी आसरा घेते. त्या खाद्यामागे तांबोशी, गोबरा आणि जिताडा येतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा बंधारा असो, मांडव्याचा असो किंवा गोव्यात मुरगावचा असो, दगडांवर उभे राहून गरी टाकणाऱ्याला ठरावीक टप्प्यापलीकडे जाता येत नाही. मग मनात येते की होडी असती तर बाहेरच्या बाजूने, थेट दगडांच्या पायथ्याशी गरी सोडता आली असती. हा मजकूर त्या होडीविषयी आहे. दोघे-तिघे बसतील अशी १४ ते २० फुटांची फायबरची किंवा लाकडी होडी, मागे एक आउटबोर्ड इंजिन आणि सोबत वल्ही, एवढेच साधन येथे गृहीत धरले आहे.

खुल्या समुद्रात इंजिन बंद पडले तर ते गैरसोयीचे असते, पण विचार करायला वेळ मिळतो. बंधाऱ्याजवळ तो मिळत नाही. पाण्याची ओढ ताशी २ सागरी मैल असेल, तर होडी सेकंदाला सुमारे १ मीटर सरकते, म्हणजे दगडांपासून ३० मीटरवर असलेल्या होडीच्या हातात अर्धा मिनिट असतो. इंजिनाची दोरी तीन-चार वेळा ओढण्यातच तो संपतो. म्हणून येथे दर पाच मिनिटांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: इंजिन आत्ता या क्षणी बंद पडले, तर वारा आणि पाणी मला कोठे नेतील? उत्तर ‘दगडांवर’ असे येत असेल, तर मासा लागत असला तरी जागा बदलावी. पुढील बहुतेक सूचना याच प्रश्नातून निघालेल्या आहेत.

दगडांजवळचे पाणी वेगळे का असते

बंधारा दिसतो तेवढाच नसतो. दगड रचून केलेल्या बंधाऱ्याला उतार असतो आणि तो पाण्याखाली बराच पुढे जातो. उतार एकास दोन असेल आणि त्या ठिकाणी पाणी ३ मीटर खोल असेल, तर पाण्याच्या रेषेपासून ६ मीटर बाहेरपर्यंत खाली दगडच असतात, शिवाय वादळात निसटून पुढे गेलेले सुटे दगड वेगळेच. भरतीच्या वेळी हे काही दिसत नाही. यासाठी नव्या जागी होडी नेण्याआधी उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, पूर्ण ओहोटीला किनाऱ्यावरून किंवा बंधाऱ्यावरून ती जागा पाहून घ्यावी, मोबाइलवर छायाचित्रे काढावीत आणि कोणत्या खुणेसमोर दगड किती पुढे आहेत ते लिहून ठेवावे. एका फेरीचे हे काम पुढे कित्येक वर्षे उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट लाटेची. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांश झाली की ती फुटते, म्हणजे मीटरभर उंचीची लाट सव्वा ते दीड मीटर खोल पाण्यात फुटणार. भरतीला जेथे होडी शांत डुलत होती, तेथेच दोन तासांनी पाणी उतरल्यावर त्याच लाटा फुटू लागतात. लाटा तर वाढलेल्या नसतात, त्यामुळे हा बदल अनेकांच्या लक्षातच येत नाही. त्याशिवाय बंधाऱ्यावर आपटलेली लाट परत फिरते. दगडांच्या उतारात तिचा बराच जोर जिरतो, पण काँक्रीटच्या उभ्या भिंतीवरून ती जवळजवळ सगळीच परतते आणि येणाऱ्या लाटेला भेटली की त्या ठिकाणी पाण्याची उंची दुपटीच्या जवळ जाते. असे पाणी एका दिशेने येत नाही, जागच्या जागी उसळते, आणि होडीचे तोंड कोणत्या बाजूला धरावे हे कळेनासे होते. मांडव्यासारख्या ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्या फेरीबोटींच्या लाटाही अशाच परततात. बोट निघून गेल्यावर क्षणभर शांतता वाटते आणि नंतर बाजूने धक्का बसतो, म्हणून मोठी बोट जाताना दिसली की सर्वांनी खाली बसावे आणि पाणी निवळेपर्यंत उभे राहू नये.

तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे खाडीच्या मुखावरची ओहोटी. बरेच बंधारे खाडीच्या किंवा नदीच्या मुखाशी असतात. ओहोटीचे पाणी बाहेर जोरात निघालेले असते आणि समोरून समुद्राची लाट येते. त्या ओढीमुळे लाट आखडते, उभी होते आणि तिचा माथा कोसळू लागतो. मुखाशी वाळूचा दांडा असेल तर हे आणखी वाढते. गोव्यातील मांडवी नदीच्या मुखावरील आग्वादचा दांडा पावसाळ्यात इतका बिकट होतो, की खनिज वाहून नेणाऱ्या बार्जसुद्धा त्या काळात कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत जात असत. जेथे बार्जवाल्यांनी वाट बदलली, तेथे आपल्या होडीने हट्ट धरण्यात शहाणपण नाही.

दिवस आणि वेळ निवडणे

मुंबईच्या आसपास भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अनेकांना ठाऊक असेल: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. ही रीत अंदाजापुरती आहे. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या वेळा मुंबईपेक्षा वेगळ्या असतात, त्यामुळे प्रत्यक्ष जाताना त्या बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे. तरीही या रीतीतून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती दुपारच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे ओहोटीची सर्वांत जोराची ओढ दुपारनंतर दोन ते चारच्या दरम्यान येते, आणि नेमका त्याच वेळी समुद्रावरून येणारा खारा वाराही सर्वांत जोरात असतो. बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारा वारा यांची टक्कर मुखावर होते. सकाळी तळ्यासारख्या पाण्यातून बाहेर गेलेला माणूस दुपारी परतताना तेच मुख ओळखू शकत नाही, ते यामुळेच.

याउलट सप्तमी ते दशमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाण्याचा चढउतार कमी असतो आणि ओढही मंद असते. नवख्याने बंधाऱ्याजवळची पहिली काही गरवणी याच दिवसांत करावीत. उधाणाला मासा अधिक खातो, असे जुने गरवणारे सांगतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही, परंतु ते पाणी ओळखणाऱ्यांसाठी आहे. ओढीचा जोर सर्व वेळ सारखा नसतो. सहा तासांच्या ओहोटीपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी निघून जाते, तर पहिल्या आणि शेवटच्या तासात त्याचा अगदी थोडा भाग. म्हणून मुखातून जाणे-येणे भरती पूर्ण होण्याच्या आगेमागे करावे आणि मधले दोन तास टाळावेत. लांब खाड्यांमध्ये कोष्टकातील ओहोटीची वेळ उलटून गेल्यावरही पाणी काही काळ बाहेर वाहतच राहते, तेव्हा घड्याळापेक्षा एखाद्या बोयाजवळ किंवा खांबाजवळ पाणी कसे वाहते ते पाहणे अधिक खात्रीचे.

वाऱ्याचा विचार सोपा आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई वारा असतो, मग थोडी निवांत वेळ जाते आणि त्यानंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन वाढत जातो. पहाटे निघून अकराच्या आत परत, हा नियम पाळला तर अर्धे धोके वाटेतच येत नाहीत.

हवामानासाठी दोन ठिकाणे पाहावीत. भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो, आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांची उंची, दिशा आणि कालावधी यांचा अंदाज देते. याच संस्थेने २०२० पासून लहान नौकांसाठी वेगळी सूचना सेवा चालू केली आहे. तिच्यात केवळ लाटेची उंची न पाहता तिचा उभेपणा आणि वाऱ्याने लाटा किती झपाट्याने वाढत आहेत हेही धरले जाते, म्हणून आपल्यासारख्यांनी तीच आधी पाहावी. अंदाजात लाटेचा कालावधी (एका लाटेमागून दुसरी येईपर्यंतचा वेळ) मोठा, म्हणजे १२ सेकंदांहून अधिक दिसला, तर उंची कमी असली तरी सावध राहावे. अशी लाट दुरून आलेली असते, खोल पाण्यात जाणवतही नाही आणि दगडांपाशी येऊन अचानक उभी राहते. बंदरावर धोक्याचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला असेल तर पुढे काही वाचण्याची गरज नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. हौशी गरवणाऱ्याने त्यातून पळवाटा शोधू नयेत, आणि बंदी उठली म्हणजे समुद्र निवळला असेही समजू नये. नारळी पौर्णिमेनंतरही कित्येक दिवस बंधाऱ्याबाहेर मोठे पाणी असते. ‘फयान’ वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे ज्या महिन्यात आपण निर्धास्त असतो त्या महिन्यात, कोकण किनाऱ्यावर आले होते. ‘तौक्ते’ २०२१ च्या मे महिन्यात किनाऱ्यालगत गेले आणि ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकले. पावसाळ्याच्या आगेमागेचे दोन्ही काळ बेभरवशाचे आहेत.

होडीत काय हवे

लाइफ जॅकेट अंगात हवे, बाकाखाली नव्हे. आमच्याकडे पोहता येणाऱ्यालाच ते घालण्याची लाज वाटते. दगडांवर डोके आपटलेल्या माणसाला पोहता येत नाही, एवढे लक्षात घेतले की लाज जाते. इंजिन चालवणाऱ्याने बंद-कळीची दोरी, जिला सगळे किल स्विच म्हणतात, मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असावी. बंधाऱ्याजवळच्या उसळीत चालवणारा पाण्यात पडला आणि होडी गोल फिरत त्याच्यावरच परत आली, तर इंजिनाचा पाण्यातला पंखा काय करील हे सांगायला नको.

नांगर हे येथे दुसरे इंजिन आहे. तो नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, मोकळा, एका हाताने टाकता येईल असा ठेवावा, दोर गुंता न होता सुटेल असा रचावा आणि दोराचे दुसरे टोक होडीला बांधलेले आहे याची निघण्यापूर्वी हात लावून खात्री करावी. दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट हवा, आणि ती खोली भरती धरून मोजावी. दगडांत नांगर अडकतो हे खरे, म्हणून दोर नांगराच्या खालच्या टोकाला, पंज्यांजवळ, पक्का बांधावा आणि दांड्यावरच्या कडीला बारीक सुतळीने धरावा. अडकल्यावर जोर लावला की सुतळी तुटते आणि नांगर उलट्या बाजूने निघतो. तरीही न निघाल्यास दोर कापावा. धारदार सुरी हाताशी हवी ती यासाठीच. नांगर कधीही मागच्या बाजूने टाकू नये. मागची बाजू बुटकी असते, तेथे इंजिनाचे वजन असते, आणि ओढीत होडीचा मागचा भाग दाबला जाऊन पाणी आत येण्यास काही सेकंद पुरतात.

वल्ही, पाणी उपसायला डबा, शिटी, विजेरी, पिण्याचे पाणी आणि बंद पिशवीत भरपूर चार्ज केलेला मोबाइल या गोष्टी सांगण्याची गरज नसावी. इंधनाचे तीन भाग धरावेत: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक शिल्लक. टाकी अर्धी असताना उसळीत इंधन हलते, तळाचा गाळ आणि पाणी वर येते आणि इंजिन नेमके दगडांजवळ धापा टाकू लागते, तेव्हा इंधन गाळूनच भरावे.

प्रत्यक्ष गरवताना

दोघे असतील तर एकाने गरवावे आणि दुसऱ्याने इंजिनापाशी बसून समुद्राकडे तोंड करून पाहावे, पाळी बदलत राहावी. दोघेही दगडांकडे पाहत गरवत आहेत हे चित्र मी फार वेळा पाहिले आहे आणि ते पाहिले की पोटात गोळा येतो, कारण लाटा क्वचितच एकसारख्या येतात. काही लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या लाटांची रांग येते आणि ती पाठीमागून येते. म्हणून पोहोचल्याबरोबर गरी सोडू नये. बाहेर थांबून पंधरा-वीस मिनिटे फक्त पाहावे, सर्वांत मोठी लाट कोठे फुटते ते ध्यानात घ्यावे आणि त्या रेषेच्या बरेच बाहेर राहावे.

होडी अशा बाजूला उभी करावी की वारा आणि ओढ तिला बंधाऱ्यापासून दूर नेतील. गरी दगडांकडे टाकावी, होडीचे तोंड समुद्राकडे असावे आणि इंजिन चालूच ठेवावे. वारा दगडांच्या दिशेने वाहत असेल, तर त्या दिवशी बाहेरची बाजू सोडून बंधाऱ्याच्या आतल्या बाजूला गरवावे. मासा तेथेही असतो. बंधाऱ्याच्या टोकाशी ओढ सर्वांत जोराची आणि भोवरे सर्वांत जास्त असतात, शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्या नौका तेथूनच वळतात. तेथे नांगर टाकून बसणे धोक्याचे आहेच, पण नौकामार्गात गरवणाऱ्या होडीने जाणाऱ्या नौकेचा रस्ता अडवायचा नाही, हा सागरी वाहतुकीचा नियमही आहे.

आता माझ्या मते सर्वांत जास्त होड्या दगडांवर नेणारी गोष्ट सांगतो. ती लाट नव्हे, अडकलेली गरी. दगडांत गरी अडकली की ती सोडवायला माणूस होडी पुढे घेतो, नजर दोरीवर असते, इंजिन न्यूट्रलमध्ये असते. मीही एकदा रत्नागिरीकडच्या एका बंधाऱ्यावर दोन-अडीचशे रुपयांच्या नकली माशासाठी हेच केले. पंखा दगडाला लागला, त्यातली पिन तुटली आणि इंजिन नुसतेच गुरगुरू लागले. सोबतच्या काकांनी न विचारता नांगर टाकला म्हणून होडी चार हातांवर थांबली. तेव्हापासून नियम असा की अडकलेली दोरी जागेवरूनच तोडायची. ती हाताला गुंडाळू नये. काठीच्या किंवा वल्ह्याच्या तुकड्याला दोन वेढे देऊन होडी समुद्राकडे न्यावी. मोठा जिताडा किंवा गोबरा लागला की तो दगडांकडेच धावतो, तेव्हाही हाच नियम. मासा दगडांपर्यंत गेला तर तो गेला, असे निघण्यापूर्वीच एकमेकांना सांगून ठेवावे, कारण त्या क्षणी कोणी कोणाचे ऐकत नाही.

खांबांवर उभ्या असलेल्या जेटीचा धोका निराळा आहे. खांबांमधून पाणी आरपार वाहते, त्यामुळे वरच्या अंगाला असलेली होडी ओढीने खांबाला आडवी चिकटते आणि पाण्याच्या बाजूची कड खाली जाऊन ती भरते. असे झालेच तर सर्वांनी खांबाच्या बाजूला वजन टाकावे. मनाची ओढ नेमकी उलट, खांबापासून दूर सरकण्याची असते. जेटीच्या खाली सावलीला होडी बांधून बसणे तर टाळावेच, कारण चढत्या भरतीत होडी वरच्या तुळयांखाली अडकते. खांबांना चिकटलेली कालवे (शिंपले) सुरीसारखी धारदार असतात, दोर त्यांना घासून तुटतो आणि हाताने खांब धरू पाहणाऱ्याचा तळवा फाटतो. गरवायचे ते खालच्या अंगाला, म्हणजे जेथून ओढ आपल्याला जेटीपासून दूर नेईल तेथून.

काही बिघडले तर

इंजिन बंद पडले की आधी नांगर, मग इंजिन. हा क्रम उलटा करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण पुढच्या झटक्यात ते सुरू होईल असे वाटत राहते. नांगर धरला की वल्ही बाहेर काढावीत, मदतीचा फोन करावा आणि मग इंधनाची नळी, प्लग, पंख्यात अडकलेले जाळे यांकडे वळावे. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि सर्वसाधारण आणीबाणीचा ११२ आहे. व्हीएचएफ (बिनतारी) संच असेल तर चॅनल १६. फोनवर आधी जागा सांगावी, नंतर माणसे किती आणि मग काय झाले ते.

होडी दगडांवर जाणारच असे दिसले, तर हात किंवा पाय मध्ये घालून ती थोपवू नये. भरलेल्या होडीचे वजन लाटेसह येते आणि हाडे टिकत नाहीत. होडी उलटली आणि दगड दूर असतील, तर उलट्या होडीला धरून राहावे, ती पाण्यातून सहज दिसते. पण ती फुटणाऱ्या लाटांकडे सरकत असेल, तर तिला सोडून समुद्राकडे पोहावे आणि बंधाऱ्याला समांतर, टोकाला वळसा घालून आतल्या बाजूला जाण्याचा प्रयत्न करावा. टेट्रापॉडांवर चढण्याचा विचार करू नये. त्यांच्या फटींत लाट माणसाला आत ओढते, आणि शेवाळावर पकड मिळत नाही.

परतताना मुखावर लाटा फुटत असतील तर बाहेरच थांबावे. भरती लागेपर्यंत दोन-तीन तास उन्हात बसावे लागले तरी हरकत नाही, त्यासाठीच पाणी आणि इंधन शिल्लक ठेवलेले असते. आत यायचे ठरले, तर मोठ्या लाटांची रांग जाऊ द्यावी, तिच्यातील शेवटच्या लाटेच्या पाठीवर राहून तिच्याच वेगाने यावे, तिच्या माथ्यापुढे जाऊ नये आणि मागची लाट गाठील इतके रेंगाळूही नये. होडी आडवी वळू लागली की लगेच सरळ करावी. भारतातील बंदरांत आत शिरताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा दिवा असतो, आणि अंधार पडल्यावर मागच्या शहराच्या दिव्यांत ते हरवून जातात. तेव्हा उशीर झालाच तर वेग कमी ठेवून, स्वतःचा पांढरा दिवा चहूबाजूंनी दिसेल असा उंच लावून, दोन्ही दिवे वेगळे ओळखू आल्याखेरीज मुखात शिरू नये. घाटावर ज्याला परतण्याची वेळ सांगून निघालो, त्याला होडी बांधल्याबरोबर फोन करावा, नाहीतर तो बिचारा आपल्याला शोधायला दुसरी होडी काढतो.